कोरियाची ओळख : हंगुल लिपी आणि तिचा इतिहास

आजचा विषय कोरियाच्या इतिहासाची, भाषेची आणि संस्कृतीची प्राथमिक ओळख असा जाहीर झाला आहे. एका तासात एवढं सगळं सांगायचं म्हटलं तर नुसती घराण्यांची यादी होईल, आणि ती तुम्ही घरी गेल्यावर विसराल. म्हणून मी एक वाट निवडली आहे. कोरियन लिपीची गोष्ट सांगतो. ती सांगताना इतिहास येतो, भाषा येते, घरातल्या बायका येतात, तुरुंग येतो आणि थोडं स्वयंपाकघरही येतं.

घराण्यांचं मात्र दोन मिनिटांत उरकून घेऊ, कारण नावं पुढे लागतील. सुरुवातीला तीन राज्यं : उत्तरेला गोगुर्यॉ, नैर्ऋत्येला बेकजे, आग्नेयेला सिल्ला. बौद्ध धर्म गोगुर्यॉमध्ये इ.स. ३७२ ला पोचला, बेकजेमध्ये ३८४ ला, आणि सिल्लाने तो ५२७ मध्ये राजमान्य केला. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्लाने बाकीच्या दोघांना संपवलं. मग ९१८ ते १३९२ गोर्यॉ घराणं. ‘कोरिया’ हे नाव त्यावरूनच आलेलं आहे. त्यानंतर १३९२ पासून जोसॉन, ते थेट विसाव्या शतकापर्यंत. १९१० ला जपानने देश गिळला, १९४५ ला सुटका झाली, आणि सुटका होताहोताच देशाचे दोन तुकडे झाले. आपली गोष्ट मुख्यतः जोसॉन काळातली आहे.

उच्चाराबद्दल एक सूचना. मी ‘ज’ म्हणतो तो ‘जीव’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. कोरियनमध्ये दुसरा ‘ज’ नाही.

आता भाषा. कोरियन शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात सुखद धक्का बसतो, कारण वाक्याची बांधणी ओळखीची निघते. ‘नानुन हाक्क्योए गायो.’ ना म्हणजे मी. नुन हा प्रत्यय, ‘माझं म्हणाल तर’ अशा छटेचा. हाक्क्यो म्हणजे शाळा, ए म्हणजे आपला ‘-त’, आणि गायो म्हणजे जातो. मी शाळेत जातो. कर्ता, स्थळ, शेवटी क्रियापद. प्रत्यय शब्दाच्या मागे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जी कसरत करावी लागते ती आपल्याला लागत नाही. शिवाय लिंगभेद नाही. ‘तो टेबल की ते टेबल’ हा वाद कोरियात होऊच शकत नाही.

पण जमेल तेवढं कौतुक करून झालं की अडचण येते ती आदराची. आपल्याकडे ‘तू जा’, ‘तुम्ही जा’, ‘आपण जावं’ असे थर आहेत, पण ते कोणाबद्दल बोलतोय त्यावर ठरतात. कोरियनमध्ये ते तर आहेतच, शिवाय कोणाशी बोलतोय त्यावरही क्रियापद बदलतं, मग विषय कुठलाही असो. पाऊस पडतोय एवढंच सांगायचं आहे. मित्राला सांगाल ‘पिगा वा’. शेजारच्या काकांना ‘पिगा वायो’. सभेत किंवा बातम्यांत ‘पिगा ओम्निदा’. पाऊस तोच. ऐकणारा बदलला म्हणून क्रियापद बदललं. त्यामुळे नवीन माणूस भेटला की कोरियन माणूस लवकरच वय विचारतो. त्यात आगाऊपणा नसतो; वय कळल्याशिवाय त्याला वाक्य पूर्ण कसं करावं हेच कळत नाही.

नात्यांचंही तसंच. मावशी वेगळी, ती ‘इमो’. आत्या वेगळी, ती ‘गोमो’. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच पोत्यात भरलेलं नाही. मोठ्या भावाला बहीण ‘ओप्पा’ म्हणते आणि भाऊ ‘ह्यॉंग’ म्हणतो. मोठ्या बहिणीला बहीण ‘ऑन्नी’ म्हणते आणि भाऊ ‘नूना’. म्हणजे हाक ऐकूनच हाक मारणारा मुलगा की मुलगी ते समजतं. आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईला लोक सर्रास ‘इमो’ अशी हाक मारतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो ना, अगदी तसंच. मालिका बघणाऱ्यांना यातलं बरंच माहीत असेल, तरुण मंडळी हसतायत त्यावरून कळतंय.

तर अशी ही भाषा. प्रत्ययांवर चालणारी, क्रियापदाच्या शेपटीत सगळा शिष्टाचार भरलेली. आणि ही भाषा शेकडो वर्षं लिहिली जात होती चिनी चित्राक्षरांत. इथे खरी गंमत आहे, खरं तर गंमत नाही, शोकांतिका आहे. चिनी भाषेत प्रत्यय नाहीत. शब्दाचं रूप बदलत नाही. एक अक्षर, एक अर्थ. ती व्यवस्था प्रत्ययांच्या भाषेला लावायची म्हणजे साडी नेसवायची आणि निऱ्या काढायला कापडच नाही, असा प्रकार. कोरियन लोकांनी उपाय काढले. ‘इदू’ नावाची पद्धत होती, तिच्यात काही चिनी अक्षरं अर्थासाठी वापरायची आणि काही नुसत्या उच्चारासाठी, प्रत्यय दाखवायला. कारकून मंडळी ती कचेरीच्या कामात वापरत. पण इदू शिकायला आधी चिनी अक्षरं यावी लागत. हजारो. विद्वान तर सरळ चिनी भाषेतच लिहीत. म्हणजे बोलायचं एका भाषेत, लिहायचं दुसऱ्या, आणि शेतकऱ्याने काहीच लिहायचं नाही.

आता सेजोंग राजाकडे येऊ. जोसॉनचा चौथा राजा, १४१८ ते १४५०. माझ्या मते राज्यकर्ता म्हणून तो त्या काळात जगात कुठेही उठून दिसला असता. त्याच्या आज्ञा वाचल्या की हा माणूस प्रत्यक्ष जगणं बघत होता हे जाणवतं. सरकारी दासी बाळंत झाली की तिला शंभर दिवस रजा द्या, असं त्याने फर्मावलं. नंतर लक्षात आलं की दिवस भरत आलेल्या बाईचेही हाल होतात, म्हणून आधीचा एक महिना वाढवला. पुढे तिच्या नवऱ्यालाही महिनाभर रजा दिली, तिच्याकडे बघायला कोणीतरी हवं म्हणून. जमीन-महसुलाची पद्धत बदलायची होती तेव्हा १४३० मध्ये त्याने देशभर मतं मागवली. पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं. यात शेतकरीही होते. हे पंधराव्या शतकात चाललंय, एवढं ध्यानात ठेवा.

त्याच्या कारकिर्दीत १४२८ साली जिंजू गावात एका माणसाने बापाचा खून केला. कन्फ्यूशियसच्या विचारावर उभ्या राज्यात याहून मोठं पाप नाही. दरबारातून सूचना आल्या, शिक्षा कडक करा. सेजोंगने शिक्षेबरोबर दुसराही मार्ग धरला. आज्ञाधारक मुलं, निष्ठावंत सेवक, पतिव्रता यांच्या गोष्टींचं सचित्र पुस्तक काढलं, १४३४ मध्ये. चित्रं का, तर लोकांना वाचता येत नाही म्हणून. मजकूर अर्थातच चिनीत. पण चित्र बघून गोष्ट किती कळणार? एक माणूस बर्फात उभा आहे, एक म्हातारा अंथरुणावर आहे. कोणीतरी सांगणारा लागतोच. लिपीचा विचार या एकाच प्रसंगातून आला असं मी म्हणणार नाही, पण या पुस्तकाचा मुद्दा पुढे भांडणात परत येतो, म्हणून सांगितला.

१४४३ च्या चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्यात राजवृत्तांतात एक छोटीशी नोंद येते, की राजाने स्वतः अठ्ठावीस अक्षरं केली. आधी काही चर्चा नाही, समिती नाही, काही नाही. राजाने हे काम जवळपास गुपचूप केलेलं दिसतं. का, ते पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

दरबारात ‘जिपह्यॉनजॉन’ नावाची विद्वानांची संस्था होती, राजाचीच लाडकी. तिचा प्रत्यक्ष कारभार बघणारा छ्वे माल्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १४४४ मध्ये लेखी विरोध नोंदवला. या माल्लीला कोरियात पुढे खलनायक केलं गेलं. मला ते पटत नाही. त्याचे मुद्दे बघा. एक, आपण चीनशी एकाच लिपीने बांधलेलो आहोत. मंगोल, तांगुत, जुर्चेन, जपानी, तिबेटी यांना स्वतःच्या लिप्या आहेत, पण ते तर रानटी, आपण त्यांच्या पंगतीला का बसायचं? दोन, सत्तावीस-अठ्ठावीस अक्षरांत काम भागलं तर उद्या कोण मान मोडून शास्त्रं वाचेल? तीन, तुम्ही म्हणता की कैद्याला आपला जबाब वाचता आला तर अन्याय टळेल. पण चीनमध्ये बोलणं आणि लिहिणं एकच आहे, तरी तिथल्या तुरुंगांत अन्याय होतोच. अन्याय तुरुंगाधिकाऱ्यावर अवलंबून असतो, लिपीवर नाही. आणि चार, एवढी घाई कशाला? महाराजांचे डोळे अधू झालेत, चॉंगजूजवळच्या झऱ्यावर उपचाराला निघालात, राज्याची बाकीची कामं दुसऱ्यांवर सोपवलीत, आणि हे अक्षरांचं बाड मात्र बरोबर नेताय.

तिसरा मुद्दा नुसता झटकून टाकता येत नाही. लिहिता-वाचता आलं की न्याय मिळतो, असं आपल्यालाही आज म्हणता येत नाही.

सेजोंगचं उत्तर चिडलेल्या अभ्यासकाचं आहे. त्याचा आशय असा : तुम्हाला ध्वनिशास्त्र कळतं का? स्वर किती, व्यंजनांचे वर्ग किती, सांगा पाहू. इदू केली तीही लोकांच्या सोयीसाठीच ना? मग जुन्या विद्वानाने केलं ते बरोबर आणि तुमच्या राजाने केलं ते चूक कसं? मग त्या मंडळींपैकी जॉंग छांग-सोन याचं बोलणं निघालं. सचित्र पुस्तक वाटूनही देशात सज्जनांचं पीक आलेलं नाही, चांगलं वागणं हे स्वभावावर असतं, लोकभाषेत भाषांतर करून काय होणार, असं हा म्हणाला होता. सेजोंग यावर खरा भडकला. लिहिणाऱ्यांना त्याने एक दिवस कोठडीत टाकून दुसऱ्या दिवशी सोडलं. छांग-सोनला मात्र पदावरून काढलं. म्हणजे बघा, चीनची मर्जी, शास्त्रांची प्रतिष्ठा वगैरे मुद्दे त्याने ऐकून घेतले. सामान्य माणूस शिकून सुधारणारच नाही, हे वाक्य त्याने ऐकून घेतलं नाही.

१४४६ मध्ये लिपी जाहीर झाली. नाव, ‘हुनमिन-जॉंगउम’, अर्थ साधारण ‘लोकांना शिकवण्यासाठी योग्य ध्वनी’. राजाची प्रस्तावना अगदी लहान आहे. आपल्या देशाची बोली चीनपेक्षा वेगळी, ती त्या अक्षरांत बसत नाही, साध्या माणसाला काही सांगायचं असलं तरी सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं म्हणून ही अक्षरं केली, असा तिचा मथितार्थ.

अक्षरं कशी केली ते आता बघू. तुम्ही सगळे माझ्याबरोबर करा, लाजू नका. ‘क्’ म्हणा आणि तसेच थांबा. जिभेची मागची बाजू वर उचलून घशाचा रस्ता अडवते, टोक खाली. डावीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची जीभ आरपार दिसली असती तर वर आडवी रेघ आणि उजव्या टोकाला खाली वळण, असा आकार दिसला असता. तेच कोरियन ‘ग/क’. आता ‘न्’ म्हणा. जिभेचं टोक वर टेकलं. उभी रेघ, आणि खाली उजवीकडे वळण. तेच ‘न’. ‘म’ला ओठ मिटतात, अक्षर आहे चौकोन, तोंडाचं चित्र. ‘स’चं अक्षर दाताच्या टोकासारखं, घराच्या छपराच्या आकाराचं. आणि घशासाठी वर्तुळ. ही पाच मूळ अक्षरं. मग आवाज जोराचा होईल तशी एक रेघ वाढते. ‘ग’ला रेघ दिली की ‘ख’. ‘न’ला रेघ दिली की ‘द’, आणखी एक दिली की ‘थ’. आपल्याकडे क आणि ख यांच्या आकारात काही नातं नाही, पाठच करावं लागतं. तिथे नातं डोळ्यांना दिसतं. स्वरांसाठी तीन गोष्टी : ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे मधे उभा असलेला माणूस. यांच्या जोडण्यांतून सगळे स्वर. आणि ही अक्षरं एकापुढे एक न मांडता एकेका उच्चाराचा चौकोनी गठ्ठा करायचा : ‘हान’ हा एक गठ्ठा, ‘गुल’ हा दुसरा. साधारण आपल्या जोडाक्षरासारखी कल्पना.

आता इथे आपला संबंध येतो, आणि तो खरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही विभागणी तुम्ही शाळेत शिकलात. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. सेजोंगसमोरही अशीच विभागणी होती, चिनी ध्वनिकोष्टकांमधून आलेली. आणि चिनी पंडितांना व्यंजनं तोंडातल्या जागेनुसार लावण्याची दृष्टी मिळाली ती बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचारातून. म्हणजे लिपी कोरियाची, बुद्धी सेजोंगची, पण तोंडाचा नकाशा काढायची जुनी विद्या भारतातून चीनमार्गे फिरत आलेली. काही अभ्यासक याहून पुढे जातात आणि म्हणतात की काही अक्षरांचे आकार मंगोल सम्राटांच्या फागस्पा लिपीवरून घेतले. ती तिबेटीवरून आली आणि तिबेटी आपल्या ब्राह्मीच्या कुळातली. यावर वाद आहे. मला वर्गीकरणाचा धागा भक्कम वाटतो, आकारांचा तेवढा वाटत नाही. पुढे कोरियन मठांत मंत्रांच्या पोथ्या छापल्या जात, त्यांत भारतीय सिद्धम लिपी, चिनी आणि हंगुल अशा तिन्ही शेजारी शेजारी दिसतात.

अयोध्येच्या राजकन्येची कथा काहींना आठवत असेल. तेराव्या शतकात इर्यॉन नावाच्या भिक्षूने ‘सामगुक युसा’ ग्रंथ लिहिला, त्यात ‘आयुता’ देशाची राजकन्या समुद्रमार्गे येऊन गाया राज्याच्या राजाशी लग्न करते. कथा सुंदर आहे, गिम्हे भागातले किम तिचा वंश सांगतात, अयोध्येत स्मारकही झालंय. पण बाराशे वर्षांनंतर लिहिलेली कथा इतिहास म्हणून वापरू नये. भारताशी कोरियाचा पुरावा असलेला संबंध हवा असेल तर आठव्या शतकात भारतभर पायी फिरून प्रवासवर्णन लिहिणारा सिल्लाचा भिक्षू ह्येछो आहे की. त्याची पोथी १९०८ मध्ये दुनह्वांगच्या गुंफेत सापडली. त्याच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

लिपी झाली, पण पुढे काय? बहुतेक लोकांना वाटतं की लिपी आली आणि कोरिया साक्षर झाला. नाही. पुढची साडेचारशे वर्षं सरकार, परीक्षा, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं चिनीतच चाललं. चिनी अक्षरांना म्हणायचे ‘खरं लेखन’, आणि हिला ‘ऑन्मुन’, म्हणजे गावठी लिपी. ‘आमगुल’ असंही म्हणत, बायकांची अक्षरं. तुच्छतेने म्हणत. पण ती टिकली ती याच बायकांमुळे.

आणि तक्रारखोरांमुळे, हेही सांगायला हवं. जाहीर झाल्यावर तीनच वर्षांत, १४४९ मध्ये, एका मोठ्या मंत्र्याला खडसावणारा मजकूर कोणीतरी भिंतीवर या लिपीत लिहिला. १५०४ मध्ये यॉनसान हा जुलमी राजा गादीवर असताना त्याची निंदा करणारे कागद फिरले. त्याने लिपी शिकवायला-शिकायलाच बंदी घातली, पुस्तकं जाळायला लावली. दोन वर्षांत तोच गादीवरून गेला. याच्या उलटही घडलं. जपानी स्वारीच्या वेळी, १५९३ मध्ये, शत्रूच्या ताब्यात अडकलेल्या प्रजेला परत यायला सांगणारं राजाचं फर्मान याच लिपीत निघालं. जीवावर बेतलं तेव्हा गावठी लिपी आठवली.

आता दोन बायकांचे दोन कागद.

१९९८ मध्ये आंदोंग शहरात वस्ती वाढवायची होती म्हणून जुनी थडगी हलवत होते. त्यात ई उंग-ते नावाच्या माणसाचं थडगं निघालं, मृत्यू १५८६, वय तिशीतलं. छातीवर कागद ठेवलेला होता. बायकोचं पत्र, हंगुलमध्ये. बाईचं नाव कुठेच नाही. मुलाचं नाव वॉन, म्हणून अभ्यासक तिला ‘वॉनची आई’ म्हणतात. ती गरोदर होती. दोघांनी म्हातारपणापर्यंत बरोबर जगायचं ठरलं होतं, मग मला आणि मुलाला टाकून एकटे कसे गेलात, पोटातलं मूल बाप म्हणून कोणाला हाक मारणार, हे पत्र वाचून स्वप्नात येऊन सांगा, असं ती विचारते. कागद भरला तेव्हा तिने तो आडवा करून समासात लिहिलं, तिथली जागा संपली तेव्हा सुरुवातीच्या ओळींच्या बाजूला उलटं लिहिलं. शेजारी एक पादत्राणांचा जोड होता, तागात केस गुंफून विणलेला. चारशे वर्षं थडग्यात बंद राहिलेलं हे पत्र चिनीत लिहिलंच गेलं नसतं. चिनी तिला शिकवलीच नसती कोणी. आणि शिकवली असती तरी नवऱ्याशी ज्या सुरात ती घरी बोलत असे तो सूर त्या लिपीत मावला नसता. क्रियापदाची शेपटी मघाशी सांगितली ना, ती या पत्रात जशीच्या तशी आहे. त्यावरूनच अभ्यासकांना कळतं की त्या काळी नवरा-बायको एकमेकांशी बरेच बरोबरीने बोलत.

दुसरा कागद सतराव्या शतकातला. साधारण १६७० च्या सुमाराचा. जांग ग्ये-ह्यांग नावाच्या वृद्ध बाईंनी, डोळ्यांना नीट दिसत नसताना, पाककृतींचं पुस्तक लिहिलं, ‘उमसिक दिमिबांग’. नूडल्स, मोमोसारखे मांदू, मासे, मांस, भाज्या टिकवण्याच्या रीती आणि मद्याचे कितीतरी प्रकार. शेवटी मुलींना ताकीद आहे : नक्कल करून न्या, पण मूळ वही सासरी न्यायचा विचारही करू नका. त्यामुळे वही घरातच राहिली आणि आपल्यापर्यंत आली. या पुस्तकात लाल मिरची कुठेही नाही. आज किमची म्हटलं की डोळ्यांपुढे लाल रंग येतो, पण मिरची ही अमेरिकेतून फिरत आलेली, त्या स्वयंपाकघरात ती अजून रुळलेली नव्हती. ‘प्राचीन कोरियन परंपरा’ म्हणून आपल्याला जे दाखवलं जातं त्यातलं किती खरंच जुनं आहे हे अशा वहीमुळे तपासता येतं.

अठराव्या शतकापर्यंत सोलमध्ये भाड्याने कादंबऱ्या देणारी दुकानं निघाली. बायका केसांतले आकडे, बांगड्या विकून पुस्तकं आणतात, अशी विद्वानांची तक्रार आहे. अशा तक्रारी इतिहासकाराला फार उपयोगी पडतात.

विसाव्या शतकाकडे वळू. १८९४ मध्ये सरकारी आज्ञा कोरियनमध्ये लिहायचं ठरलं. १८९६ मध्ये सॉ जे-पिल यांनी ‘दोंगनिप सिनमुन’ हे वर्तमानपत्र संपूर्ण हंगुलमध्ये काढलं, आणि शब्दांमध्ये जागा सोडली. त्याआधी सगळं सलग लिहीत. तिथे काम करणारा तरुण जू सी-ग्यॉंग पुढे व्याकरणकार झाला. ‘हंगुल’ हे नावही त्याच्याच वर्तुळातून, १९१० च्या सुमारास आलं. म्हणजे लिपीला सन्मानाचं नाव मिळालं ते नेमकं देश गेला तेव्हा.

जपानी राजवटीत आधी मर्यादित सूट होती. १९३८ पासून शाळेत कोरियन ऐच्छिक झालं, म्हणजे व्यवहारात बंद. १९४० मध्ये जपानी धर्तीची नावं घ्यायला लावली, कोरियन भाषेतली दोन मोठी दैनिकं बंद केली. या काळात ‘जोसॉन भाषा मंडळ’ शब्दकोश करत होतं. त्यांनी १९३३ मध्ये शुद्धलेखनाचे नियम ठरवले होते, गावोगावचे शब्द शिक्षक-विद्यार्थ्यांकडून मागवले होते. १९४२ च्या ऑक्टोबरात धरपकड सुरू झाली. तेहतीस जणांवर बालंट आलं. आरोप असा की शब्दकोश करणं हे स्वातंत्र्य चळवळीचंच एक रूप आहे. खरं सांगायचं तर आरोप खोटा नव्हता! हामहुंगच्या तुरुंगात ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे मरण पावले. शब्दकोशाचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये सुटका झाली. माणसं बाहेर आली, पण तेरा वर्षांची मेहनत कुठे? ८ सप्टेंबरला सोल स्टेशनवरच्या मालवाहतूक कंपनीच्या गोदामात एका खोक्यात कागद सापडले. सव्वीस हजारांहून जास्त पानं. वरच्या न्यायालयात अपील होतं म्हणून पुरावा सोलला पाठवलेला, आणि युद्ध संपल्यावर तिथेच पडून राहिलेला. पहिला खंड १९४७ मध्ये आला, सहावा १९५७ मध्ये. मधे अख्खं कोरियन युद्ध होऊन गेलं.

एक आकडा सांगतो. १९४५ मध्ये दक्षिणेतल्या प्रौढांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त निरक्षर होते. लिपीला त्या वेळी पाचशे वर्षं झाली होती. जॉंग इन-जी या विद्वानाने लिपीबरोबरच्या ग्रंथात लिहिलं होतं की हुशार माणूस ही सकाळभरात शिकेल आणि मंद माणूसही दहा दिवसांत. ते खरंच आहे. पण ते दहा दिवस द्यायला कोणी लागतं. शाळा आल्या, पाठ्यपुस्तकं आली, गावोगाव वर्ग झाले, तेव्हा दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटलं. तेव्हा मात्र सोपी लिपी कामाला आली.

बरं, आता प्रश्न घेऊ. पहिली चिठ्ठी : ‘हंगुलमध्ये जगातली कुठलीही भाषा लिहिता येते, हे खरं आहे का?’

नाही. कोरियन भाषेसाठी ती उत्तम आहे, कारण त्याच भाषेसाठी शिवलेला सदरा आहे. तिच्यात त आणि ट वेगळे नाहीत, भ आणि घ नाहीत. र आणि ल एकाच अक्षराचे दोन आवाज. ‘माल’ म्हणजे भाषा, त्याला ‘इ’ प्रत्यय लागला की उच्चार ‘मारि’. तुम्ही ‘भात’ लिहून दाखवा, वाचणारा ‘पाथ’ वगैरे काहीतरी वाचेल. कौतुक करताना एवढं भान ठेवू या.

दुसरी चिठ्ठी : ‘उत्तर आणि दक्षिण कोरियाची भाषा आता वेगळी झाली आहे का?’

शब्द बरेच वेगळे झालेत. दक्षिणेत इंग्रजी शब्दांचा भरणा, उत्तरेत ते कटाक्षाने टाळतात. लिपीचं नाव वेगळं, तिचा दिवस वेगळा : दक्षिणेत ९ ऑक्टोबर, उत्तरेत १५ जानेवारी. शब्दकोशातला अक्षरांचा क्रमही वेगळा. २००५ पासून दोघांनी मिळून एक शब्दकोश करायला घेतला, राजकारण बिघडलं की बैठका थांबतात, तो अजून पूर्ण नाही. पण शुद्धलेखनाचा पाया मात्र दोन्हीकडे बराचसा एक राहिला. त्याचं कारण मघाच्या गोष्टीत आहे. मंडळाच्या खटल्यात ई गुक-नो यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि छ्वे ह्यॉन-बे यांना चार. १९४८ मध्ये ई गुक-नो प्योंगयांगला परिषदेसाठी गेले ते तिथेच राहिले आणि उत्तरेच्या भाषाधोरणाचं काम त्यांच्याकडे आलं. छ्वे ह्यॉन-बे सोलमध्ये राहिले, दक्षिणेची पाठ्यपुस्तकं आणि शिक्षणातलं भाषेचं धोरण त्यांच्या हाताखालून गेलं. दोघांजवळ १९३३ चे तेच नियम होते, हामहुंगच्या तुरुंगात जाण्याआधी दोघांनी एकाच टेबलावर बसून ठरवलेले.